बुडत्या केबिनमधून बाहेर पडण्याचे शिक्षण

समुद्रातील तेलफलाटांवर कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला हेलिकॉप्टरमध्ये बसण्यापूर्वी एक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. हेलिकॉप्टर पाण्यात उतरले, उलटले आणि बुडू लागले तर त्यातून जिवंत बाहेर कसे यायचे, हा त्याचा एकमेव विषय असतो. आमच्याकडे सगळे त्याला ‘ह्यूएट’ (हेलिकॉप्टर अंडरवॉटर एस्केप ट्रेनिंग) म्हणतात. प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते आणि ती संपली की पुन्हा तलावात उतरावे लागते. मी मूळचा जयगड खाडीच्या काठावरचा, नोकरीने समुद्रातला. या वेळी मुदत संपल्यावर मला रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका प्रशिक्षण संस्थेत पाठवण्यात आले. आमच्या तुकडीत फलाटांवर जाणाऱ्या माणसांबरोबर मालदीवमध्ये सी-प्लेनवर, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांवर, रुजू होणारे दोन तरुण वैमानिकही होते आणि शिकवणाऱ्या सरांनी स्वतः अनेक वर्षे सी-प्लेन चालवलेले होते. त्यामुळे एरवी हेलिकॉप्टरपुरते राहणारे हे प्रशिक्षण या वेळी सी-प्लेनच्या अपघातांकडे वळले. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणांची नावे सी-प्लेनच्या चर्चेत अधूनमधून येतच असतात, म्हणून तिथे जे शिकलो ते कोकणातल्या वाचकांसाठी सविस्तर लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटले.

सकाळी रक्तदाब आणि कान तपासून झाल्यावर वर्ग सुरू झाला. सरांनी पहिल्यांदा आमच्याच क्षेत्रातली घटना घेतली. २८ जून २०२२ रोजी मुंबई हाय परिसरात सागर किरण रिगजवळ एक हेलिकॉप्टर समुद्रात उतरले. त्यात ९ जण होते. ५ जणांना वाचवता आले, ४ जण गेले. फलाटावर काम करणाऱ्या कोणालाही ही तारीख सांगावी लागत नाही. वर्गात त्यावर कोणी काही बोलले नाही. सरांनीही तिथे फार वेळ न घालवता पुढची घटना मांडली, ती कॅनडातली होती. २९ नोव्हेंबर २००९ रोजी ब्रिटिश कोलंबियातील सॅटर्ना बेटाजवळ एक बीव्हर जातीचे सी-प्लेन उड्डाणानंतर लगेच पाण्यात कोसळले. विमानात ८ जण होते. वैमानिक आणि एक प्रवासी बाहेर आले. उरलेले ६ जण, त्यात एक तान्हे बाळ, आतच बुडाले. आघाताने केबिनची काही दारे अडकली होती. तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाने त्यानंतर दोन ठोस शिफारशी केल्या : सी-प्लेनची दारे-खिडक्या आघातानंतरही झटपट उघडतील अशी असावीत आणि प्रवाशांनी लाइफ जॅकेट प्रवासभर अंगावर घातलेले असावे. त्याच मंडळाच्या पाहणीनुसार पाण्यात कोसळून बुडालेल्या विमानांतील मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू बुडून झालेले आहेत आणि मृतांपैकी अनेक जण विमान बुडायला लागले तेव्हा शुद्धीवर होते.

या शेवटच्या वाक्यावर सर थांबले आणि ते त्यांनी पुन्हा वाचले. विमान पाण्यावर आदळले म्हणजे सगळे संपले, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात सी-प्लेन पाण्याला टेकते तेव्हा त्याचा वेग मोठ्या प्रवासी विमानाच्या मानाने पुष्कळ कमी असतो. म्हणून त्या आघातातून माणूस वाचण्याची शक्यता बरीच असते. त्याचा जीव जातो तो पुढच्या मिनिट-दीड मिनिटात, पट्टा सुटत नाही, दार सापडत नाही किंवा सापडलेले दार उघडत नाही म्हणून. सगळे प्रशिक्षण या मिनिट-दीड मिनिटासाठी असते.

दुपारी आम्ही तलावापाशी गेलो. सुमारे चार मीटर खोल पाण्यावर क्रेनच्या दोरांना एक लोखंडी केबिन टांगलेली होती. आत दोन ओळींत आसने, प्रत्येक आसनाशेजारी खिडकीएवढी चौकट आणि चौकटीत बाहेर ढकलता येणारी झडप. अंगावर ओव्हरऑल, डोक्यावर हेल्मेट, कमरेला न फुगवलेले जॅकेट. पाण्यात दोन डायव्हर आधीच उतरून थांबले होते. तुकडीतल्या वयस्कर सहकाऱ्याने एका डायव्हरला विचारले, “दादा, अडकलो तर तुम्हाला कळणार कसं?” त्याने शांतपणे सांगितले, “काका, तुमचा हात खिडकीवर आहे की नाही, तेवढंच मी बघत असतो. हात तिथे असला की माणूस बाहेर येतो.”

त्या हाताविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळ्याचे मर्म तिथे आहे. आसनावर बसून पट्टा घट्ट केला की सर्वांत आधी खिडकीच्या बाजूचा हात चौकटीच्या कडेवर ठेवायचा आणि तो काहीही झाले तरी हलवायचा नाही. केबिन उलटली की वर आणि खाली यांची जाणीव पूर्णपणे नाहीशी होते, पण उजव्या हाताची खिडकी उलटे झाल्यावरही उजव्याच हाताला राहते. डोळे फसतात, कान फसतात, चौकटीवर ठेवलेला हात मात्र शरीराला जागा दाखवत राहतो. दुसरा हात पट्ट्याच्या बकलावर. केबिन पाण्यात शिरते तेव्हा पाणी आधी घोट्यांशी, मग गुडघ्यांशी, मग कमरेशी येते आणि छातीपर्यंत पोहोचले की शेवटचा पुरेसा श्वास घ्यायचा असतो. श्वास घेतला न घेतला तोच केबिन फिरते. नाकात पाणी चढते, ते कपाळापर्यंत झोंबते आणि चोहीकडे बुडबुड्यांचा पांढरा लोट उठतो. त्या क्षणी शरीराची एकच मागणी असते, ती म्हणजे पट्टा सोड. तेवढे करायचे नसते.

केबिनची हालचाल पूर्ण थांबेपर्यंत आणि बुडबुडे ओसरेपर्यंत लटकत राहायचे. मग पट्टा न सोडता खिडकीची झडप तळहाताच्या बुडाने बाहेर ढकलायची. त्याचे कारण सरांनी काठावर करून दाखवले. आसनाला बांधलेले असताना शरीराला टेका असतो, म्हणून हाताचा सगळा जोर झडपेवर जातो. पट्टा आधी सोडला तर माणूस पाण्यात अधांतरी तरंगतो आणि झडपेला जोर लावला की झडप जागेवर राहून स्वतःच मागे ढकलला जातो. झडप निघाली की हात चौकटीबाहेर घालून बाहेरची कड पकडायची, दुसऱ्या हाताने बकल उघडायचे आणि स्वतःला त्या हाताच्या दिशेने ओढून घ्यायचे. पाय मारायचे नाहीत, कारण मागून येणाऱ्याच्या तोंडावर ते बसतात. पुढच्या फेऱ्यांमध्ये आपल्या बाजूची खिडकी बंद ठेवली जाते आणि समोरच्या बाजूने बाहेर यावे लागते. तेव्हा एका हाताने आसनाची कड पक्की धरल्याशिवाय दुसरा हात सोडायचा नाही, हाच नियम. शेवटच्या फेरीत तलावाच्या छपराखालचे दिवे मालवले गेले. काळोखात माझ्या हाताला चौकटीचा एक खडबडीत, गंज धरलेला कोपरा लागला होता. त्याच्या आधाराने मी बाहेर आलो आणि तो कोपरा मला अजूनही बोटांनी आठवतो.

आमच्या तुकडीत मालवणकडचा एक तरुण होता, समुद्रात वाढलेला आणि पट्टीचा पोहणारा. पहिल्या फेरीत डायव्हरला त्याला हात द्यावा लागला. पोहणाऱ्याचे शरीर पाण्याखाली गेले की वर जाऊ पाहते. उलट्या केबिनमध्ये वर जाणे म्हणजे केबिनच्या जमिनीला जाऊन चिकटणे. दुसऱ्या फेरीपासून त्याने हात चौकटीवरून हलवला नाही आणि सगळ्यांत सफाईने बाहेर येणारा तोच ठरला. कोकणात आपण पोरांना पोहायला शिकवतो आणि ते शिकवलेच पाहिजे, पण विमानाच्या केबिनमधून बाहेर येण्याचे कौशल्य निराळे आहे आणि ते निराळे म्हणूनच शिकवले गेले पाहिजे, हे माझे मत त्या तलावावर पक्के झाले.

त्यानंतर सरांनी सी-प्लेनचा फरक समजावून सांगितला. सी-प्लेनला खाली दोन लांबट पोकळ फ्लोट असतात आणि केबिन त्यांच्यावर उंच बसवलेली असते. विमान उलटले की फ्लोट पाण्याच्या पृष्ठभागावर राहतात आणि केबिन त्यांच्याखाली पाण्यात लटकते. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला विमान तरंगताना दिसते, पण आतली माणसे पूर्ण पाण्याखाली, पट्ट्यांना डोके खाली करून टांगलेली असतात. बाहेर पाण्याचा दाब जास्त असेपर्यंत दार ढकलून उघडत नाही, केबिन भरली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि मग ते उघडू शकते. म्हणून दार उघडत नाही असे पाहून त्यावर धडका देत श्वास संपवण्यापेक्षा क्षणभर थांबणे जीव वाचवते. दाराचा खटका वर ओढायचा की खाली दाबायचा, हे सरळ बसलेले असतानाच हाताने चाचपून ठेवायचे, कारण उलटे झाल्यावर वर-खालीचा अर्थ बदलतो. कानावर हेडफोन असतील तर त्यांच्या तारा गळ्याभोवती अडकू शकतात, हे एका वैमानिकाने आवर्जून जोडले.

लाइफ जॅकेटविषयी जे सांगितले गेले ते कोकणातल्या प्रत्येक बोटवाल्याने ऐकावे असे आहे. आपल्या प्रवासी बोटींवर असतात ती नारिंगी, आत फोम भरलेली जॅकेट. बोटीसाठी ती योग्यच आहेत आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून झालेल्या दुर्घटनेनंतर ती प्रत्येक प्रवाशाने घातलीच पाहिजेत, याविषयी शंका उरू नये. विमानाच्या केबिनमध्ये मात्र फोमचे जॅकेट घातक ठरते, कारण केबिन पाण्याने भरली की ते माणसाला वरच्या बाजूला दाबून धरते आणि त्याला बुडी मारून खिडकीपर्यंत जाता येत नाही. म्हणून विमानात दोरी ओढल्यावर छोट्या नळकांड्यातल्या वायूने फुगणारे जॅकेट असते. तेही बाहेर आल्याशिवाय फुगवायचे नाही. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे अपहरण झालेले विमान इंधन संपल्याने कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरले, तेव्हा १७५ पैकी १२५ जणांचा मृत्यू झाला. अनेक प्रवाशांनी जॅकेट आतच फुगवले होते आणि त्यामुळे पाणी भरलेल्या केबिनमधून त्यांना बाहेर पडता आले नाही. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरलेल्या विमानातील सर्व १५५ जण वाचले, ही घटना सगळ्यांना माहीत असते. ते विमान उलटले नाही, तुटले नाही आणि आसपासच्या फेरीबोटी काही मिनिटांत त्याच्यापाशी पोहोचल्या, हा भाग सांगताना बहुधा गळतो.

चहाच्या वेळी त्या दोन वैमानिकांशी बोलणे झाले. एक मुलगी गुहागरकडची होती, दुसरा पुण्याचा. त्यांना केबिनमधून बाहेर येण्याइतकीच पाण्यावर उतरण्याची काळजी होती. फ्लोटमध्ये चाके असलेले विमान धावपट्टीवरही उतरते आणि पाण्यावरही. अशा विमानात चाके बाहेर राहिलेली असताना पाण्यावर उतरले तर चाके पाण्यात रुततात आणि विमान एका क्षणात नाकावर पालथे होते. म्हणून उतरण्यापूर्वी ‘हे पाण्यावरचे उतरणे आहे, चाके वर आहेत’ असे मोठ्याने म्हणून, डोळ्यांनी पाहून खात्री करण्याची सवय लावली जाते. तेवढ्यावर न थांबता चाकांच्या स्थितीची सूचना देणारे यंत्रही काही विमानांत बसवलेले असते.

मला सर्वांत अनपेक्षित वाटलेली गोष्ट निवांत पाण्याची. उंच लाटांचे भय कोणालाही कळते, पण सी-प्लेनच्या वैमानिकाला आरशासारख्या स्थिर पाण्याचे भयही तितकेच असते. तशा पाण्यावर आकाशाचे प्रतिबिंब पडते आणि पृष्ठभाग नेमका किती खाली आहे, हे डोळ्यांना कळत नाही. वैमानिकाला वाटते अजून उंची आहे आणि विमान पाण्यात घुसते. किंवा वाटते पाणी आले, तो नाक वर उचलतो, वेग हरवतो आणि विमान वरून आदळते. यावरचा उपाय असा की किनाऱ्याच्या जवळून, झाडे आणि काठ नजरेत ठेवून यायचे, विमानाचे नाक ठरलेल्या कोनात किंचित वर ठेवायचे, इंजिनाचा जोर थोडा चालू ठेवून मिनिटाला सुमारे १५० फूट इतक्या सावकाश उतरत राहायचे आणि पाण्याला टेकेपर्यंत अंदाजाने काहीही बदलायचे नाही. या पद्धतीने उतरायला पाण्याची लांबी जास्त लागते.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमची खाडी आली. रात्रभर जमिनीकडून वाहणारा मतलई वारा सकाळी पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटेपर्यंतच्या मधल्या वेळात खाडीचे पाणी अगदी गुळगुळीत होते. पर्यटकांना छायाचित्रांसाठी हीच वेळ आवडते आणि सी-प्लेनला हीच वेळ अवघड. मी त्यांना खाडीच्या बाकीच्या गोष्टी सांगितल्या. मुखाशी वाळूचे दांडे असतात, ते पावसाळ्यागणिक जागा बदलतात आणि ओहोटीला त्यांच्यावर लाट फुटते. उधाणाच्या ओहोटीत प्रवाह इतका जोरात असतो की वारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, अशा वेळी पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात, त्यांची टोके भरतीला पाण्याखाली जातात. काही जाळ्यांना नुसते प्लास्टिकचे डबे बांधलेले असतात आणि ते वरून दिसत नाहीत. पावसाळ्यात वरच्या नद्यांतून ओंडके आणि झावळ्या वाहून येतात. अर्धवट बुडालेला ओंडका फ्लोटला लागला तर फ्लोट फाटायला वेळ लागणार नाही. गुहागरकडच्या मुलीला यातले बरेच माहीत होते, कारण तिच्या वडिलांची बोट आहे. तरीही तिने सगळे वहीत उतरवून घेतले आणि उधाण व भांग, म्हणजे मोठ्या आणि लहान भरती-ओहोटीचे दिवस, यांच्या पाण्यातला फरक पुण्याच्या मुलाला समजावून सांगितला.

दुसऱ्या दिवशी खाडीत तराफ्याचा सराव झाला. फुगवलेल्या रबरी तराफ्यावर पाण्यातून चढणे दिसते त्यापेक्षा दमवणारे असते, कारण भिजलेले ओव्हरऑल आणि छातीवर फुगलेले जॅकेट दोन्ही आड येतात. आधी चढलेल्याने पुढच्याला जॅकेटच्या पट्ट्यांना धरून आत ओढायचे असते. तराफा मिळेपर्यंत हात एकमेकांत गुंफून वर्तुळ करून राहायचे, म्हणजे कोणी वाहून जात नाही आणि शोधणाऱ्यांना घोळका लवकर दिसतो. कोकणात पाणी उबदार असते, त्यामुळे थंडीने गारठून हालचाल बंद पडण्याचा कॅनडासारखा धोका आपल्याकडे नाही. आपल्याकडचा धोका गढूळपणाचा. खाडीच्या पाण्यात हातभर अंतरावरचे दिसत नाही, म्हणून दिवे मालवून घेतलेली ती शेवटची फेरी आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळची होती.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये मुंबईहून पवना जलाशयाकडे सी-प्लेन सेवेची सुरुवात झाली होती आणि ३१ ऑक्टोबर २०२० रोजी केवडिया आणि अहमदाबादचे साबरमती नदीपात्र यांच्या दरम्यान पहिले उड्डाण झाले. दोन्ही सेवा टिकल्या नाहीत, तरी हा विषय पुन्हा पुन्हा वर येतो आणि कोकणाला खाड्यांची जी देणगी आहे ती पाहता तो येतच राहील. मला ही सेवा यावी असे वाटते. माझ्या गावातून एखाद्या रुग्णाला मुंबईपर्यंत नेताना रस्त्यावर जे तास जातात ते मी पाहिले आहेत. पण ती येण्यापूर्वी काही गोष्टी अटी म्हणून मान्य झाल्या पाहिजेत. कॅनडाने २०१९ मध्ये व्यावसायिक सी-प्लेनच्या वैमानिकांना पाण्याखालून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण आणि प्रवाशांना अंगावर तरंगण्याचे साधन बंधनकारक करणारे नियम केले. तेच इथे पहिल्या दिवसापासून लागू असावेत. कमरेला बांधायचे, बाहेर आल्यावरच फुगवायचे जॅकेट जेट्टीवरच प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर चढवावे. आसनाखालच्या पिशवीत ठेवलेले जॅकेट उलट्या केबिनमध्ये कोणाच्या हाती लागणार नाही.

जेट्टीवर विमानाच्या दाराची आणि खिडकीची खरीखुरी प्रतिकृती उभी करावी आणि प्रत्येक प्रवाशाने चढण्यापूर्वी एकदा तरी तिच्यापाशी बसून, डोळे मिटून, एक हात चौकटीवर ठेवून खटका उघडून पाहावा. याला दोन मिनिटे लागतात. उतरण्याचा पट्टा ठरवताना डोलकरांना आणि किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणवाल्यांना विचारावे, कारण खुंट कुठे आहेत आणि दांडा यंदा कुठे सरकला आहे, हे त्यांना नकाशापेक्षा आधी कळते. त्यांची जाळी हलवावी लागली तर त्याची भरपाई आधी ठरवावी. विमान पाण्याच्या दिशेने वळण्यापूर्वी बचाव बोटीने सगळा पट्टा फिरून ओंडके आणि डबे पाहावेत आणि मग इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या टोकाशी थांबावे. त्या बोटीवर किमान दोन जण असे असावेत ज्यांनी स्वतः तलावातल्या उलट्या केबिनमधून बाहेर येऊन पाहिले आहे, कारण आतला माणूस नेमका कुठे लटकत असेल आणि त्याचा हात कुठे शोधायचा, हे त्यांनाच लगेच कळेल.